गळ्यातला गळा

गळा हा आपल्या मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. हार घालायचा तोही गळा आणि गाणे म्हणायचे तोही गळा. 'तिच्या गळ्यात गळसरी शोभते' आणि 'तिच्या गळ्यात सूर आहे' ही दोन वाक्ये आपण एका दमात बोलून जातो, आणि ऐकणाऱ्याचा काडीमात्र गोंधळ होत नाही. संकट गळ्याशी येते, नको असलेले काम गळ्यात पडते, रडणारे पोर गळा काढते, आणि लाडका माणूस तर गळ्यातला ताईतच होऊन बसतो. बाहेरचा गळा आणि आतला गळा यांच्यात आपल्या भाषेने कधी भिंत घातली नाही. पण ज्या दिवशी घरातल्या कुणाच्या बाहेरच्या गळ्यावर सुरी चालवण्याची वेळ येते, त्या दिवशी आतल्या गळ्याचे काय, असा प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. आमच्या घरी तो तीन वर्षांपूर्वी उभा राहिला.

आमचे घर नशिराबादचे. जळगावहून भुसावळला जाणाऱ्या हमरस्त्यावर दहाएक किलोमीटरवर हे गाव लागते. हल्ली परक्या माणसाला ते सिमेंटच्या कारखान्यावरून सांगितले की लवकर कळते. माणूस जरा रसिक भेटला, तर मी वेगळी खूण सांगतो. एका अंगाला भादलीचे स्टेशन, जिथल्या रुळांवर ५ मे १९१८ या दिवशी बालकवी गेले. आणि जवळच असोदे, जिथे १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. दोन कवींच्या मध्ये राहून आमच्या गावाने स्वतः कविता केली नाही याचे कुणी वाईट वाटून घेऊ नये. शेजार चांगला असला की एवढे पुरते.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते हे आपण सगळेच जाणतो. पण त्याचा अर्थ काय होतो याचा विचार मी काकूच्या दुखण्यापर्यंत केलेला नव्हता. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने जेवढी टिपून ठेवली होती तेवढीच आपल्या हाती लागली. त्याआधी ती सारी गाणी एका शेतकरी बाईच्या गळ्यात राहत होती. तिथून ती बाहेर यायची, जात्याच्या घरघरीत मिसळायची, आणि पुन्हा तिथेच परत जाऊन राहायची. आज त्या बाईच्या नावाने जळगावला विद्यापीठ आहे.

आमची काकू काही बहिणाबाई नव्हे. तिने स्वतः एक ओळ रचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण आखाजीच्या झोक्यावरची गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी, हळदीची, विहिणीची थट्टा करायची, अशी किती गाणी तिच्यापाशी आहेत याचा हिशेब कुणाजवळ नाही. मध्यंतरी माझ्या चुलतभावाच्या बायकोने वही-पेन घेऊन ती लिहून काढायचा घाट घातला. दुसऱ्या दिवशीच तो बारगळला. काकूला गाणे सांगता येत नाही. 'पुढची ओळ काय?' असे विचारले की ती गप्प बसते. गायला लागली की मात्र एका ओळीचा हात धरून दुसरी ओळ आपण होऊन येते. म्हणजे आठवण तिच्या डोक्यात नाहीच, गळ्यातच आहे! आवाज गेला तर गाणी राहतील आणि आवाज तेवढा नसेल, असा हिशेब इथे चालत नव्हता. आवाजाबरोबर गाणीही जाणार होती.

दुखणे म्हणाल तर गलगंडाचे. आधी काळी पोत घट्ट होऊ लागली, तेव्हा ती सैल करून ओवली. मग पदर दोन्ही खांद्यांवरून घेण्याची सवय लागली. गाठ दुखत नसे, म्हणून दहा-बारा वर्षे कुणी मनावर घेतले नाही. काकूने तर नाहीच. पुढे उताणे निजले की जीव घाबरा होऊ लागला आणि कळण्याच्या भाकरीचा घास घशाखाली जाताना अडू लागला, तेव्हा कुठे जळगावला जाऊन फोटो निघाला. उजव्या बाजूची गाठ मोठ्या लिंबाएवढी झाली होती आणि तिने श्वासनलिका डावीकडे रेटली होती. डाव्या बाजूला बारीकसारीक गाठी होत्या. सुई घालून तपासणी केली. कर्करोग नाही असे निघाले. घर निम्मे हलके झाले.

गलगंड म्हटले की सगळेजण मिठाची गोष्ट काढतात. ती खोटी नाही. डोंगरांच्या पायथ्याच्या मुलखात मातीतले आयोडीन पावसाने धुपून जाते, मग ते पिकात येत नाही आणि पाण्यातही उरत नाही. कांगड्याच्या खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी काही भागांत आयोडीन घातलेले मीठ देऊन आणि एका भागात साधेच मीठ ठेवून वर्षानुवर्षे पाहिले, आणि आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ साली सरकारने देशभर कार्यक्रम सुरू केला तो त्यानंतर. आज घरोघर पिशवीतले मीठ येते ते याच पुण्याईने. परंतु एवढी वाढून बसलेली गाठ मीठ खाऊन जात नाही. ती काढावीच लागते.

काढायची म्हटल्यावर नात्यागोत्यांतून सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी खर्चाचे विचारले, कुणी व्रण किती दिसेल ते विचारले. एका दूरच्या पाहुण्याने, त्यांच्या गावच्या एका बाईचे असेच ऑपरेशन झाले नि ती पुढे जन्मभर कुजबुजत बोलली, अशी हकिकत काकूच्या देखत सांगितली. पाहुण्यांना असल्या हकिकती ऐन वेळी कशा आठवतात हे मला न सुटलेले कोडे आहे. काकू काही बोलली नाही. रात्री मात्र मला म्हणाली, "भाऊ, आखाजी होऊ दे. मग काय कापायचं ते कापा." आणि तिने खरोखरच आखाजी होऊ दिली. त्या वर्षी झोक्यावर ती मध्यरात्रीपर्यंत गात होती. पोरीबाळींना नवल वाटले. मला वाटले नाही.

मुंबईचे अंतर सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने गेलो. रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या आत-बाहेरच्या, बोलायला साध्या. कागदावर व्यवसायाच्या रकान्यात माझ्या चुलतभावाने 'गृहिणी' असे लिहिले होते. बाईंनी ते वाचून काकूला विचारले, "आजी, आवाजाचं काही काम असतं का तुम्हाला? शिकवणं, गाणं, असं काही?" चुलतभाऊ लगबगीने म्हणाला, "नाही, नाही, घरीच असते." काकू म्हणाली, "घरीच असते, पन गाते." बाईंनी 'गृहिणी' हा शब्द खोडला नाही; त्याच्यापुढे 'गातात' असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग दार लोटून घेतले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "गा." काकूने पदर सारखा केला आणि आखाजीचे एक गाणे गायले. बाहेरच्या बाकड्यावरच्या दोन रोगी बाया दार किलकिले करून ऐकू लागल्या. आधीचा आवाज कसा होता याची नोंद ठेवलेली बरी असते, असे बाईंनी पुढे सांगितले. पण गाणे संपल्यावर त्या थोडा वेळ नुसत्याच बसून राहिल्या होत्या, ती काही नोंद नव्हती.

नाकातून एक बारीक दुर्बीण घालून त्यांनी काकूचे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. दोन पांढुरक्या पट्ट्या, बोलताना मिटणाऱ्या, श्वास घेताना उघडणाऱ्या. काकू आपल्याच गळ्याकडे टक लावून बघत होती. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट पाहिले ते कुणा वैद्याने नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका गायनमास्तराने. १८५४ साली, स्वतःच्याच घशात दंतवैद्याचा आरसा धरून आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून. गाणे शिकवता शिकवता त्याला आपला आवाज येतो कुठून हे बघायची हौस झाली. वैद्यकावर गवयाचे एवढे तरी ऋण आहे, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो.

आता ज्या धाग्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याविषयी. या पट्ट्या हलवण्याचा हुकूम मेंदूकडून येतो तो एका नशीतून. ती नस गळ्यातून जाताना स्वरयंत्राच्या शेजारून जाते, पण तिथे थांबत नाही. सरळ खाली छातीत उतरते, तिथे तिची एक फांदी निघते, डावीकडची महारोहिणीच्या कमानीला वळसा घालते, उजवीकडची हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते, आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्राला येऊन मिळते. नशिराबादच्या माणसाने शेजारच्या भादलीला जायला निघावे आणि आधी भुसावळचा फेरा करून यावे, तसला हा प्रकार. शास्त्रज्ञ सांगतात की माशांमध्ये ही वाट सरळ होती. पुढे प्राण्यांना मान आली, हृदय खाली सरकले, आणि रक्तवाहिनीच्या खाली अडकलेली नस बिचारी लांबत गेली. जिराफात हीच नस पंधरा फुटांपर्यंत लांब होते. निसर्ग जुनी वाट मोडून नवी बांधत नाही, आहे तीच ओढून लांबवतो. सरकारी रस्त्यांचे पाहून ही गोष्ट आपल्याला पटायला जड जाऊ नये.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन नावाच्या वैद्याने भर सभेत ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातली ही नस बांधून दाखवली. डुकराची धडपड चालूच राहिली, ओरडणे तेवढे बंद झाले. चाकावरून वळून परत येणाऱ्या दोरीची उपमा तिला त्यानेच दिली. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी तिला मोटेचा नाडा म्हटले असते. आपल्याकडचे वैद्यही या जागेविषयी अजाण नव्हते. सुश्रुताने गलगंडाचे प्रकार सांगितले आहेतच. शिवाय शारीरस्थानात मर्मांची मोजदाद करताना कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना चार मर्मे सांगितली आहेत, दोन नीला आणि दोन मन्या. तिथे इजा झाली तर माणूस मुका होतो किंवा त्याचा स्वर बिघडतो, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. त्याला नस दिसली होती की रक्तवाहिनी, यावर पंडितांनी वाद घालावा. सुरी कुठे जपून चालवायची हे त्याला कळले होते, एवढे माझ्यापुरते पुरे आहे.

परतून वर येणारी ही नस जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून ती चढते, आणि स्वरयंत्रात शिरण्याआधी अगदी गलगंडाच्या ग्रंथीच्या पाठीला चिकटून जाते. म्हणजे काढायची ती गाठ पुढे, आणि राखायची ती नस तिच्या पाठीमागे लपलेली. गाठ वाढली की नस ढकलली जाते, ताणली जाते, कधी तिच्या दोन-तीन फांद्या झालेल्या असतात. शंभरातल्या एखाद्याच्या उजव्या बाजूला तर ती मुळी वळसा घेतच नाही, आडवीच येऊन मिळते. एका बाजूची नस दुखावली तर आवाज घोगरा, फुसका होतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर प्रश्न आवाजाचा राहत नाही. दोन्ही पट्ट्या मधोमध थिजतात, श्वासाची वाट बंद होते, आणि माणूस वाचवायला गळ्याला छिद्र पाडावे लागते.

एकोणिसाव्या शतकात या ग्रंथीवर हात घालायला मोठमोठे सर्जन कचरत असत. रक्तस्रावाने माणसे टेबलावरच जात. व्हिएन्नाच्या बिलरोथने तर पहिल्या मृत्यूंनंतर काही वर्षे हे काम सोडूनच दिले होते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखरने ते शांतपणे, रक्ताचा थेंब न् थेंब राखून करायची रीत घालून दिली, हजारो शस्त्रक्रिया केल्या, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणले. १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आल्प्सच्या कुशीतला तो देश म्हणजे गलगंडाचे माहेरघरच. पण नशीच्या बाबतीत पुष्कळ काळ शहाणपण असे मानले जाई की तिच्या वाटेला जाऊ नये. लांबून काम करावे, ती दिसली नाही म्हणजे ती सुखरूप आहे. बोस्टनच्या फ्रँक लेहीने १९३८ साली उलट सांगितले. नस मुद्दाम शोधा, उघडी करा, डोळ्यांनी पाहा, आणि मगच सुरी चालवा. जिला जपायचे तिला आधी ओळखा. हा विचार आज इतका सरळ वाटतो की तो कुणाला सुचायला एवढा काळ का लागला याचेच नवल वाटावे. तरी मला त्या जुन्या सर्जनांची भीती समजते. आपणही घरात नाजूक गोष्टींच्या वाटेला न जाऊनच त्या जपत असतो.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते, की ही एकच नस सांभाळली म्हणजे झाले का? त्या हसल्या. वरच्या अंगाने आणखी एक बारीक नस येते म्हणाल्या, स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूची. ती दुखावली तर बोलणे ठीक राहते, पण वरचा सूर लागत नाही, आवाज लवकर थकतो, आणि दुर्बिणीतून बघितले तरी फारसे काही दिसत नाही. शल्यचिकित्सकांच्या जगात या नशीला एका गायिकेचे नाव चिकटले आहे. अमेलिता गाल्ली-कुर्ची ही इटालियन गायिका ग्रामोफोनच्या जमान्यात जगभर गाजली होती. १९३५ साली शिकागोला तिचा गलगंड काढला, तोही नुसती जागा बधिर करून, जागेपणी. मधूनमधून तिला सूर लावायला सांगून. पुढे ती रंगभूमीवर परत आली, पण पूर्वीची गाल्ली-कुर्ची परत आली नाही. नस कापली गेली, अशी कथा पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना सांगितली गेली. अलीकडे, २००१ मध्ये, काही संशोधकांनी जुने कागद चाळून म्हटले की तिचा आवाज शस्त्रक्रियेच्या कित्येक वर्षे आधीपासूनच उतरत चालला होता. गाठीने नेला, वयाने नेला की सुरीने नेला, हे आता कोण सांगणार? ती १९६३ साली वारली. दोष मात्र सुरीवर राहिला. सुरीवर ठेवायला तो सोपा असतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी काकू पांढऱ्या झग्यात लहान दिसत होती. आत नेताना तिने डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, गाठ गेली त गेली. गळा नको जाऊ देजो." बाई म्हणाल्या, "गळ्यासाठीच एक पहारेकरी ठेवलाय." तो पहारेकरी म्हणजे एक यंत्र. भूल देताना श्वासासाठी जी नळी घालतात तिच्यावर तारा असतात आणि त्या स्वरतंतूंना टेकून बसतात. सर्जन एका बारीक सळईने नशीला स्पर्श करतो, विजेचा एक अगदी क्षीण झटका जातो, स्वरतंतू थरथरतो, आणि यंत्र 'टुक् टुक्' असे बोलते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही मग पथ्य पाळावे लागते; स्नायू फार वेळ लुळे करणारे औषध देता येत नाही, नाहीतर नस शाबूत असून यंत्र मुके राहील. हे यंत्र डोळ्यांची जागा घेत नाही. नस शोधायची ती डोळ्यांनी आणि हातांनीच; पण दिसणारी नस धडधाकट दिसूनही काम करते की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते यंत्र सांगते.

आम्ही बाहेर बसलो होतो. साडेतीन तास लागतील असे सांगितले होते. दोन तासांतच बाई बाहेर आल्या तेव्हा चुलतभाऊ उठून उभा राहिला आणि मी बसूनच राहिलो. त्या म्हणाल्या, काकू बऱ्या आहेत. उजवी बाजू काढली. नस शेवटपर्यंत दिसत होती, कुठे कापलेली नाही. पण गाठ बाहेर काढल्यावर पुन्हा सळई लावली तर यंत्र बोलेना. तारा तपासल्या, नळी तपासली, वीस मिनिटे थांबलो, तरी बोलेना. मोठी गाठ बाहेर ओढताना नस ताणली गेली असणार. ताणलेली नस बहुतेक वेळा आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जागी होते. डाव्या बाजूला आज हात लावायचा नाही असे मी ठरवले. तिकडेही असेच काही झाले तर श्वासाशीच गाठ आहे.

घरच्या मंडळींना हे पटायला जड गेले. एवढे पैसे भरले, एवढी मुंबईची वारी केली, आणि अर्धेच काम! चुलतभावाने तर 'मग त्या यंत्राचा उपयोग काय झाला?' असेही विचारले. मला वाटते, उपयोग हाच झाला. नाहीतर त्यांनी निर्धास्तपणे दुसऱ्या बाजूला सुरी लावली असती. पण रुग्णालयाच्या व्हरांड्यात ही गोष्ट पटवून देणे कठीण असते, आणि बाईंनी तसा फारसा प्रयत्नही केला नाही. त्यांनी सगळे पुन्हा एकदा सांगितले आणि त्या काकूजवळ जाऊन बसल्या.

पटले ते एकट्या काकूला. शुद्धीवर आल्यावर तिचा आवाज म्हणजे नुसती हवा होती, फाटक्या भात्यातून यावी तशी. त्या हवेत ती थांबत थांबत म्हणाली, "निंदताना रोपाशी आलं की खुरपं बाजूले ठेवा लागते. गवत राह्यलं त राहू दे. पुढच्या पायलीले काढू." पाळीला ती पायली म्हणते. कपाशीत उभा जन्म गेलेल्या बाईला शस्त्रक्रियेचे मर्म असे दोन वाक्यांत कळले, आणि आमच्या घरातल्या पदवीधरांना ते कळायला चार महिने लागले.

ते चार महिने कठीणच गेले. पाणी पिताना ठसका लागे. हनुवटी छातीशी टेकवून घोट घ्यायला तिला शिकवले होते. दूरच्या माणसाला हाक मारता येईना, म्हणून ती ताटली वाजवी. रोज सकाळी आवाजाचे व्यायाम करायचे असत. ते ती देवघरात दार लावून करी, कारण तिला त्यांची लाज वाटे. गाठीची पुढची तपासणीही चांगली निघाली. साधीच गाठ होती. श्रावणात कानबाई बसली, रोट झाले, रात्री बाया जमल्या. काकू भिंतीला टेकून बसली होती. गाणे अडले की बाया सवयीने तिच्याकडे बघत, आणि तिचे ओठ हलत, पण ओळ कुणाला ऐकू येत नसे. त्या रात्री तीन गाणी अर्धी राहिली. तेव्हा माझ्या चुलतभावाच्या बायकोने पुन्हा वही काढली. या खेपेला तिने काकूला विचारले नाही. काकूच्या ओठांकडे बघत ती शेजारी बसली आणि जे कळेल ते लिहीत गेली. त्या वहीत आता सतरा गाणी आहेत. काही ओळी चुकल्या आहेत असे काकू म्हणते.

दीड महिन्याने दुर्बिणीत बघितले तेव्हा उजवा स्वरतंतू जागच्या जागी जरासा थरकला. नवरात्राच्या सुमारास आवाजाला धार येऊ लागली. दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी ती गोठ्यात गाईला ओवाळत होती, आणि ओसरीवरून आम्हाला तिचे गुणगुणणे ऐकू आले. कुणी काही बोलले नाही. बोललो तर ती थांबेल अशी सगळ्यांना भीती वाटली.

पुढच्या आखाजीला ती झोक्यावर गायली. भजनी मंडळातले पेटीवाले बुवा मोठे चोखंदळ. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, पूर्वी तुमच्या काकू काळी पाचमध्ये गायच्या, आता काळी चार धरावी लागते. मी हे बाईंना फोनवर कळवले. त्या म्हणाल्या, वरची नस शेवटी तपासली होती, यंत्र बोलले होते. पण पासष्टीनंतर पट्टी थोडी उतरतेच. असेल. काकूला विचारले तर तिने पट्टीबिट्टी काही जाणत नसल्याचे सांगितले.

डावी बाजू अजून तिच्या गळ्यात आहे. श्वास मोकळा झाला, घास अडत नाही, तेव्हा तिला हात लावायची घाई नाही असे ठरले. कोजागरी झाली की दर वर्षी जळगावला सोनोग्राफी करायची आणि मुंबईला कळवायचे. यंदाही चुलतभावाने फोन करून गाठींची मापे वाचून दाखवली. बाईंनी ती उतरून घेतली, गेल्या वर्षीइतकीच आहेत म्हणाल्या, आणि फोन काकूकडे द्यायला सांगितला. काकू चुलीपुढे होती. "सध्या काय गाता?" असे त्यांनी विचारले असावे, कारण काकू म्हणाली, "भुलाबाई आत्ताच गेल्या न." आणि पिठाच्या हाताने फोन कानाशी धरून तिने भुलाबाईचे गाणे सुरू केले. सगळी कडवी झाली. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.